दिवा जंक्शन: रूळ आधी आले, प्रवासी नंतर

ठाण्याजवळचं दिवा स्थानक बातम्यांत येतं ते गर्दीमुळे, नाहीतर अपघातामुळे. याचं मूळ स्थानकाच्या घडणीतच आहे. दिवा वाढलं रेल्वेच्या मार्गांच्या सोयीनं. इथे राहणाऱ्या माणसाचा विचार फार उशिरा झाला.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराला वळसा घालत कल्याणला पोहोचला. दिवा तेव्हा वाटेवरचं खाडीकाठचं गाव. 1916मध्ये सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा झाला आणि मुंब्र्यावरून जाणारा हा वळसा टळला. बोगद्यातून येणारे रूळ आणि मुंब्र्यावरून येणारे रूळ दिव्याच्या अलीकडे पुन्हा शेजारी येतात.

‘जंक्शन’ हे बिरूद लागलं ते साठच्या दशकात, पनवेलचा फाटा निघाल्यावर. ऐंशीच्या दशकात भिवंडी, कामणमार्गे वसईला जाणारा मार्ग जोडला गेला. गुजरातकडची मालवाहतूक मुंबईत न शिरता परस्पर पनवेल, उरणकडे वळवायला हा मार्ग फार मोलाचा ठरला. आता त्यावर मेमू ही विजेवर चालणारी प्रवासी गाडीही धावते.

पनवेलचा फाटा 1986मध्ये रोह्यापर्यंत गेला. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे झाली, 26 जानेवारी 1998ला ती पूर्ण खुली झाली आणि दिवा कोकणाचा उंबरठा बनलं. सकाळी सुटणारी दिवा–सावंतवाडी गाडी ही चाकरमान्यांची हक्काची गाडी. मोठ्या एक्स्प्रेस जिथे ढुंकून बघत नाहीत त्या विन्हेरे, दिवाणखवटी, कामथे अशा स्थानकांवर ती थांबते. गणपतीच्या दिवसांत जनरल डब्यात मखराचं सामान, पिशव्या, मांडीवर पोरं आणि दारात उभी माणसं असतात. आरक्षण दोन महिने आधी काढणं ज्यांना जमत नाही, त्यांची सगळी भिस्त हिच्यावर. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. करोनानंतर तीही दिव्यालाच थांबवली. दादर, परळच्या माणसानं बोजा घेऊन आधी लोकलनं दिवा गाठायचं, हा अन्याय आहे असं मला स्पष्ट वाटतं.

एकीकडे मुंबईतलं घर परवडेना म्हणून लोक दिव्यात खोल्या घेऊ लागले. चाळी, इमारती भराभर उठल्या, पण जलद लोकल मात्र न थांबता पुढे जात राहिल्या. 2 जानेवारी 2015 रोजी गाड्यांच्या खोळंब्यानं प्रवाशांचा संयम सुटला. रेल रोको झालं, दगडफेक आणि जाळपोळही झाली. जलद लोकलला थांबा मिळाला डिसेंबर 2016मध्ये. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022मध्ये सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून बऱ्याच अंशी वेगळ्या झाल्या. तरी डब्यात शिरणं काही सोपं झालं नाही. 9 जून 2025 रोजी दिवा–मुंब्रादरम्यान दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून पडून दगावले.

फाटकाचं दुखणंही जुनंच. पूर्व-पश्चिम वाहनांसाठी ते उघडलं की लोकल सिग्नलला उभ्या राहतात, आणि उड्डाणपुलाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. दिवेकरांची मुख्य मागणी मात्र साधी आहे: दिव्याहूनच सुटणारी सीएसएमटी लोकल. कल्याण, डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत सकाळी इथे पाय ठेवायलाही जागा नसते.