तळ्यातल्या कोईंना किती, केव्हा आणि काय खायला घालावं

नेरूळ, बेलापूर, खारघर आणि ठाण्यात घोडबंदर रोडकडच्या बंगल्यांतली, सोसायट्यांतली तळी आम्ही सांभाळतो. पाणी हिरवं झालंय, मासे वर येऊन धापा टाकतायत, असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "खाणं कोण घालतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं की सकाळी आजोबा, दुपारी कामाच्या मावशी आणि संध्याकाळी मुलं. माणूस दिसला की कोई (तळ्यात पाळतात ते शोभेचे रंगीत मासे) तोंड उघडून काठाशी गोळा होतात, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की बिचारे उपाशी आहेत.

ते उपाशी नसतात. कोई म्हणजे मुळात कार्प, आणि कार्पला जठरच नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं टिपत राहणं हा त्यांचा स्वभाव आहे. एकदम मूठभर घातलं तर ते खातील, पण त्यातलं बरंचसं नीट न पचताच बाहेर पडेल.

वजनावरून हिशोब

साधारण ४० सेंटिमीटरची कोई एक किलोच्या आसपास भरते. मोठ्या माशाला दिवसाला वजनाच्या एक टक्का खाणं पुरतं. म्हणजे अशा आठ माशांना दिवसभरात ८० ग्रॅम, तेही तीन-चार वेळांत वाटून. पिल्लं वाढीची असतात, त्यांना प्रमाण जास्त लागतं. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा आणि तेवढ्या मापाची वाटी डब्यातच ठेवा. दोन-तीन मिनिटांत संपलं नाही, तर उरलेलं जाळीने काढा आणि पुढच्या वेळी कमी घाला.

आम्ही यावर इतका जोर देतो त्याला कारण आहे. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ६.४ ग्रॅम नायट्रोजन असतो. माशाच्या अंगी लागतो तो थोडा, बाकीचा बराचसा कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात येतो, आणि तो माशांना विषारी असतो. हा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तळं नवीन असेल तर तोवर अगदी चिमटीनेच खाणं घाला.

आपल्याकडचे ऋतू

परदेशी पाकिटांवर थंडीत खाणं बंद करण्याची सूचना असते. ती बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे जानेवारीतही कोई खातात. आपली अडचण उन्हाळ्याची आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि खाल्ल्यावर माशाला श्वास जास्त लागतो. म्हणून मे महिन्यात भर दुपारी काही घालू नका. पहिलं खाणं ऊन वर आल्यावर द्या, कारण पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. शेवटचं सूर्यास्ताच्या तास-दोन तास आधी. पावसाळ्यात दोन-तीन दिवस सूर्य दिसला नाही तर निम्मं करा. वीज गेली आणि पंप बंद पडला, तर तो सुरू होऊन तासभर जाईपर्यंत काहीच नको.

काय द्यावं

प्रथिनं ३५ ते ४० टक्के असलेले, घटकांच्या यादीत फिशमील (मासळीची पूड) आधी लिहिलेले पेलेट (खाद्याचे दाणे) घ्या. रंगासाठी स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असेल तर चांगलं. तारीख बघा, महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट आणा. आपल्या दमट हवेत उघडं पाकीट जुलैमध्ये बघता बघता बुरशी धरतं आणि बुरशीचं विष माशाच्या यकृतावर जातं. वास कुबट आला तर किंमत न बघता फेकून द्या. उघड्या पोत्यातलं सुट्टं खाद्य आम्ही कधीच वापरत नाही.

तलावाकाठी कणकेच्या गोळ्या आणि पाव टाकायची सवय घरच्या हौदात नको; लहान पाण्यात ते लगेच आंबतं. त्यापेक्षा साल काढलेले उकडलेले मटार किंवा पालक द्या. कलिंगडाची फोड तर मुलांना घालायलाही आवडते.

गावी जाताय? मोठे, निरोगी मासे आठवडाभर न खाता सहज राहतात. वॉचमनला डबा देऊन जाऊ नका. आठवड्याचं खाणं दोन दिवसांत पाण्यात गेलेलं आणि त्यापायी वर्षानुवर्षं जपलेले मासे गेलेले आम्ही पाहिलेत. द्यायचंच असेल तर रोजची वेगळी पुडी बांधून ठेवा.

स्टर्जनबद्दल

व्हिडिओ बघून हल्ली काहीजण स्टर्जन मागतात. मासा देखणा आहे, पण तो कॅस्पियन, डॅन्यूब, सायबेरियाकडच्या थंड पाण्यातला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, मिशांनी तळ चाचपत तो खातो. तरंगणारे पेलेट त्याच्या कामाचे नाहीत. त्याला बुडणारं, मासळीच्या प्रथिनांचं आणि तेलाचं खाद्य लागतं, आणि तेही कोई तळाशी पोचू देत नाहीत. शिवाय १९९८पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, त्यामुळे कागदपत्रांशिवाय व्यवहार नको. आपल्या मे महिन्यातल्या पाण्यात तो सुखाने जगणार नाही, म्हणून आम्ही स्टर्जन आणून देत नाही.

देखभालीला येतो तेव्हा अमोनिया आम्ही तपासतोच. आकडा वाढलेला दिसला तर औषध विचारण्याआधी तीन दिवस खाणं थांबवा, पाव भाग पाणी क्लोरीन काढून बदला आणि आम्हाला कळवा.