‘डोंगराचा रोग’: एका नावाची पार्श्वभूमी

अद्भुतकथांत आणि कॉम्प्युटर गेममध्ये डोंगराच्या पोटात खणणाऱ्या बुटक्यांना एखादा गूढ आजार जडतो. कारण म्हणून धातूचा शाप किंवा खाणीतल्या भुताचा कोप सांगितला, की भागतं. या कल्पनेच्या अगदी जवळ जाणारा खरा आजार जर्मनीतलं सॅक्सनी आणि आजच्या चेकियातलं बोहेमिया यांच्या सीमेवरच्या एर्त्सगेबिर्ग डोंगररांगेत शतकानुशतकं माणसं मारत होता.

तिथल्या श्नेबर्ग आणि योआखिम्सटाल या दोन गावांना आधी चांदीने नाव मिळवून दिलं. चांदीसारख्याच दिसणाऱ्या एका खनिजातून मात्र भट्टीत चांदी निघेना, निघायचा तो विषारी धूर. हे ‘कोबोल्ड’ नावाच्या खोडकर भुताचं काम, असं कामगार म्हणत. आपल्या शाळेच्या पुस्तकातला कोबाल्ट तिथूनच आला. सोळाव्या शतकातल्या एका वैद्याने या भुतांचं वर्णनही करून ठेवलं आहे: बुटके, म्हाताऱ्यासारखे, अंगात खाणकामगाराचे कपडे, कमरेला चामड्याचं धडपं. त्याच वैद्याच्या १५५६ मध्ये छापलेल्या ग्रंथात कार्पेथियन डोंगरातल्या बायकांचा उल्लेख येतो. एकेकीची सात-सात लग्नं झालेली, आणि सगळे नवरे खाणीच्या धुळीने गेलेले. १५६७ मध्ये दुसऱ्या एका वैद्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात खाणकामगार, भट्टीवरचे कारागीर आणि पाऱ्यात काम करणारे असे तीन वेगळे विभाग होते. रोग भुताने होत नाही, श्वासातून आत जाणाऱ्या धातूंच्या वाफेने होतो, असं त्याने मांडलं.

खरा गुंता आहे तो नावाचा. जुना शब्द ‘बर्गझुख्ट’. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. ‘झुख्ट’चा अर्थ आजचे जर्मन लोक ‘व्यसन’ असा करतील, पण तेव्हा त्याचा अर्थ खंगवणारा आजार असा होता. पुढे ‘बर्गक्रांखाइट’ हा शब्द रूढ झाला. त्याचाही अर्थ डोंगराचा आजार. दगडाच्या धुळीने कडक झालेली फुफ्फुसं, क्षय, आर्सेनिकची विषबाधा आणि कर्करोग हे सगळं या एकाच पोत्यात भरलं गेलं. जुन्या नोंदींतला प्रत्येक मृत्यू कर्करोगाचाच होता, असं आता काही जण मागे वळून ठरवतात. मला ते पटत नाही. ज्या खाणीत गारगोटीची धूळ कोरडीच उडत होती, तिथे सगळ्यांना एकच रोग झाला असेल हे संभवत नाही.

१८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या मृत कामगारांची शवविच्छेदनं करून सांगितलं, की त्यांच्या छातीतली कर्करोगाची गाठ फुफ्फुसातच उगवलेली आहे आणि कामगारांतले सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू तिनेच होत आहेत. त्यांचा संशय खनिजातल्या आर्सेनिकवर होता. खरा संशयित होता रेडॉन, म्हणजे खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. खाणीच्या हवेतला रेडॉन १९२०च्या दशकात मोजला गेला.

त्याच दशकातला एक निर्णय आजही टोचतो. जर्मनीने १९२५ मध्ये भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांची पहिली यादी काढली. तिच्यात अकरा रोग होते आणि त्यांत ‘श्नेबर्गचा फुफ्फुसरोग’ होता. ही मोठीच गोष्ट होती, ते मान्य. पण रोगाला ओळख दिली ती गावाच्या नावाने, आणि हक्कही बांधला तो श्नेबर्ग परिसरातल्या धातूखाणींशी. रेडॉनला कसली गावाची वेस? योआखिम्सटाल तिथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. तिथल्या कामगारांची फुफ्फुसं तशीच सडत होती. पण ते सीमेपलीकडचे, चेकोस्लोव्हाकियातले, त्यांना मान्यता मिळायला १९३२ उजाडलं. कारण ठाऊक नसताना जागेचं नाव देणं समजू शकतं. मात्र कायद्यात तेच नाव बसलं, की शेजारच्या डोंगरातल्या माणसाला आपला रोगही तोच आहे हे नव्याने सिद्ध करत बसावं लागतं.

१९४६ पासून याच डोंगरात सोव्हिएत अणुबॉम्बसाठी युरेनियमची खणती सुरू झाली. पहिली काही वर्षं ड्रिल कोरडंच चालायचं. पाणी न मारता भोक पाडलं की धुळीचा लोट थेट ड्रिल धरणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि रेडॉनपासून तयार होणारे किरणोत्सारी कण त्या धुळीला चिकटून छातीत उतरतात. वायुवीजनही अपुरं. १९९० पर्यंत सुमारे चार लाख माणसांनी तिथे आणि आसपासच्या युरेनियम खाणींत काम केलं. तोवर पाच हजारांहून अधिक जणांचा फुफ्फुसाचा कर्करोग व्यावसायिक रोग म्हणून मान्य झाला होता, पण आकडे आणि आरोग्याच्या नोंदी कुलुपात होत्या. जर्मनी एक झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि सुमारे ५९ हजार पुरुष कामगारांचा दीर्घकालीन अभ्यास उभा राहिला. घरातल्या रेडॉनच्या धोक्याबद्दल जगात आज जे बोललं जातं, त्याला या माणसांच्या नोंदींचाही आधार आहे.

आता जर्मन यादीत हा रोग किरणोत्साराखाली येतो, त्यात श्नेबर्गचं नाव नाही. आणि ‘बर्गक्रांखाइट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आठवतो तो उंच शिखरावर गिर्यारोहकाला होणारा विरळ हवेचा त्रास.