गोदीत घेतलेला मेंदू

नेरूळच्या माझ्या काकूंच्या साठीला मुलाने त्यांना चेकअपचे पॅकेज भेट दिले. त्यात डोक्याचा एमआरआयही होता. काकूंना डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, विसरायला होत नव्हते. रिपोर्ट आला: मेंदूच्या पांढऱ्या भागात थोडे ठिपके, वयानुरूप बदल. तेव्हापासून घरात आवाज खाली आले. ठाण्यात 1901 साली मनोरुग्णालय उभे राहिले आणि 'ठाण्याला पाठवा' हे वाक्य आपल्या बोलण्यात रुजले. मेंदूचे काही निघाले की ते लपवावे, ही भावना आपल्याकडे किती खोलवर आहे ते मला काकूंच्या घरी पुन्हा जाणवले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. निरोगी माणसाच्या डोक्यात डोकावण्याची सोय कुठून आली हे कळले, तर रिपोर्टमधले शब्द वेगळे वाचता येतात.

मेंदू कवटीत बंद असतो आणि साध्या एक्स-रेत कवटीचे हाडच उमटते. त्यावर अमेरिकेतले शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी 1918-19 मध्ये शोधलेला उपाय आज वाचतानाही अंगावर काटा येतो. मेंदूच्या आतले आणि भोवतीचे पाणी काढायचे, त्या जागी हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा. हवेच्या काळ्या आकारावरून गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. रुग्णाला त्यानंतर कित्येक दिवस असह्य डोकेदुखी होई. 1927 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे चित्र मिळवले. असली तपासणी धडधाकट माणसाची करावी, हे कुणाच्या मनातही येणे शक्य नव्हते.

खरी कलाटणी लंडनमध्ये मिळाली. ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचा प्रयोगशाळेतला पहिला प्रयोग नऊ दिवस चालला होता. 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीचे डोके त्यांच्या यंत्रात ठेवले गेले आणि मेंदूतली गाठ चित्रात दिसली. सुई नाही, हवा नाही. हाच सीटी स्कॅन. 1979 चे नोबेल हाउन्सफिल्ड आणि अॅलन कॉरमॅक यांना मिळाले. मात्र सीटीतही एक्स-किरण असतातच. एमआरआयने तीही अडचण दूर केली. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये चुंबकाच्या साह्याने शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचे चित्र काढता येते हे दाखवले. आज वाशीत किंवा घोडबंदर रोडला सहज आढळणारे 1.5 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पटींनी शक्तिशाली असते, आणि तरीही त्यातून किरणोत्सर्ग होत नाही. वेदना गेली, किरण गेले, तशी निरोगी माणसाला यंत्रात घालण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेने आधी जपान गेले. तिथे 1954 पासून 'निंगेन डॉक' नावाची सर्वांगीण तपासणी आहे. काका माझगावच्या गोदीत फिटर होते, त्यांना हे नाव लगेच कळले: जहाज बिघडण्याआधीच गोदीत घेऊन तळ तपासतात, तसा माणूस. 1988 मध्ये साप्पोरोत 'ब्रेन डॉक' सुरू झाले. न फुटलेले रक्तवाहिन्यांचे फुगे (वाहिनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा, तो फुटला की मेंदूत रक्तस्राव होतो) वेळीच शोधणे हा त्याचा मुख्य हेतू.

मग यंत्रात काय काय सापडू लागले? अमेरिकेत 1999 मध्ये एक हजार निरोगी स्वयंसेवकांचे स्कॅन तपासले गेले. 18 टक्क्यांत काहीतरी निघाले, पण बहुतेकांत ते पुढे पाठवण्याजोगेही नव्हते, सायनसच्या सुजेसारखे. तातडीने तज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज जेमतेम 1.1 टक्क्यांना होती. 2007 मध्ये रॉटरडॅममधल्या पंचेचाळिशीपुढच्या 2000 लोकांत 7.2 टक्क्यांना न कळलेला पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेलेला दिसला, 1.8 टक्क्यांत फुगा, 1.6 टक्क्यांत साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ. 2009 मध्ये 16 अभ्यासांतल्या 19,559 लोकांची गोळाबेरीज झाली, तेव्हा साधारण 37 स्कॅनमागे एक अनपेक्षित गोष्ट असा हिशेब निघाला. काकूंसारखे पांढरे ठिपके आणि जुने मुके झटके त्यात धरलेलेच नव्हते.

सर्वांत अवघड प्रश्न फुग्याचा. सापडला म्हणजे काढायलाच हवा, असे आपल्याला वाटते. पण 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी रक्तस्राव न झालेल्यांपैकी मेंदूच्या पुढच्या वाहिन्यांवरचे 7 मिलिमीटरपेक्षा लहान फुगे पाच वर्षांत फुटल्याची नोंद शून्य होती. 2012 मध्ये जपानने आपले आकडे दिले: सरासरी वर्षाला 0.95 टक्के, फुगा मोठा तसा धोका मोठा. उपचाराचा धोका मात्र लगेच पत्करावा लागतो. ज्याला काही होत नव्हते, अशा माणसासमोर हा हिशेब ठेवणे हे माझ्या मते या तपासणीचे सर्वांत जड ओझे आहे, आणि पॅकेजच्या पत्रकात त्यावर एक ओळ तरी असायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 1968 मध्येच विल्सन आणि युंगनर यांचे निकष प्रसिद्ध केले होते: रोग आधी सापडला तर करण्याजोगा मान्य उपचार हवा आणि कुणावर उपचार करायचे हे ठरलेले हवे.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. 1987 मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की यांनी या बदलाला 'ल्यूकोअरायोसिस' हे नाव दिले. त्याच वर्षी ठिपके किती आहेत हे सांगणारी फाझेकास यांची शून्य ते तीन अशी श्रेणी आली. आजही अनेक रिपोर्टांत तीच असते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांशी या ठिपक्यांचा संबंध आहे. वय वाढते तसे ते वाढतात, रक्तदाबाने जास्त वाढतात. साठीत थोडेसे असणे अगदी नेहमीचे.

काकू न्यूरोच्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी फिल्म खिडकीपाशी धरून बघितली, बाजूला ठेवली आणि पट्टा बांधून रक्तदाब घेतला. वरचा आकडा 158. मग विचारले, "सख्ख्या नात्यात कुणाची मेंदूतली नस फुटली होती का?" असे दोघे-तिघे असतील तर फुग्यासाठी मुद्दाम स्कॅन करण्याची शिफारस आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. काकूंना आपल्या थोरल्या भावाचे आठवले, पण तो नेमका कशाने गेला हे त्यांना ठाऊक नव्हते. बाहेर बाकावर बसून त्यांनी चिपळूणला वहिनीला फोन लावला.