दाटीत जुळलेल्या जोड्या

गोलाकार तारकागुच्छाच्या छायाचित्रात मधला भाग नुसता पांढरा दिसतो. लाखो तारे, आणि गाभ्यात तर वेगळे ओळखू येऊ नयेत इतकी दाटी. क्ष-किरण दुर्बिणीला मात्र ही गर्दी जवळजवळ दिसतच नाही. साधे तारे क्ष-किरणांत फार मंद, त्यामुळे उरतात ते मोजके ठिपके. त्यांतले बहुतेक म्हणजे ताऱ्यांच्या जोड्या. अनेकींत एक न्यूट्रॉन तारा किंवा श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिशय घट्ट दाबला गेलेला गाभा असतो आणि तो साथीदाराचा वायू ओढून घेतो. हा वायू गरगरत आत पडताना इतका तापतो की क्ष-किरण बाहेर पडतात.

१९७० साली सोडलेल्या उहुरू या क्ष-किरण उपग्रहानंतर एक विसंगती समोर आली. आकाशगंगेतल्या हजार ताऱ्यांमागे एकही या गुच्छांत नसेल, पण तेजस्वी क्ष-किरण जोड्यांपैकी साधारण दहातली एक तिथेच सापडते. न्यूट्रॉन तारा जन्मतो स्फोटातून, आणि त्या धक्क्यात जोडी बहुधा फुटते. एकाकी पडलेल्याला गुच्छाच्या दाटीत मात्र दुसरी संधी मिळते. तो एखाद्या जोडीजवळून जाताना आत शिरतो, आणि त्यातला हलका तारा बाहेर फेकला जातो. पुढच्या गाठीभेटींत घट्ट जोड्या आणखी घट्ट होतात. एनजीसी ६६२४ या गुच्छातली एक जोडी तर अवघ्या ११ मिनिटांत प्रदक्षिणा पुरी करते!

मला सर्वांत आवडते ती एम १५ या गुच्छाची गोष्ट. तिथल्या क्ष-किरण स्रोताभोवतीची गरगरणाऱ्या वायूची चकती आपल्याला कडेने दिसते, म्हणजे मधला न्यूट्रॉन तारा झाकलेलाच असणार. पण १९८८ मध्ये गिंगा या जपानी उपग्रहाने तिथून एक जोरदार भडका टिपला. असे भडके न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचलेला वायू पेटल्याने उडतात. पृष्ठभाग झाकलेला, तरी भडका इतका लख्ख कसा? उत्तर निघालं अगदी साधं. चंद्रा ही अंतराळातली क्ष-किरण दुर्बीण अर्ध्या विकलेइतकं बारीक पाहू शकते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). तिने २.७ विकला अंतरावरचे दोन स्रोत वेगळे करून दाखवले, आणि २००१ मध्ये ते जाहीर झालं. एकाच्या माथी दुसऱ्याचे गुण मारले जात होते.

सुमारे १५,००० प्रकाशवर्षं दूर असलेल्या ४७ टुकानी गुच्छात चंद्राने जवळपास ३०० स्रोत मोजले. इतर गुच्छही तपासल्यावर दिसलं, की स्रोतांची संख्या ताऱ्यांच्या गाठीभेटी किती वेगाने होतात त्यानुसार वाढते, नुसत्या गुच्छाच्या वस्तुमानानुसार नाही. मंद ठिपक्यांची ओळख पटवणं मात्र जिकिरीचं. एखादा श्वेत बटूची जोडी निघतो, एखादा मिलिसेकंदांत फिरणारा स्पंदक (ठोके दिल्यासारखा लुकलुकणारा न्यूट्रॉन तारा), तर एखादा साध्याच पण खवळलेल्या ताऱ्यांची जोडी. मग हबलच्या छायाचित्रात त्याच जागी कोणता तारा आहे ते शोधावं लागतं, पुन्हा त्याच पांढऱ्या गर्दीत.