कोल्ह्याची पारध: बक्षिसापासून बंदीपर्यंत

ब्रिटनमधील मजूर पक्षाने २०२४च्या निवडणूक जाहीरनाम्यात 'ट्रेल हंटिंग'वर, म्हणजे कृत्रिम मागावर कुत्रे सोडण्याच्या प्रकारावर, बंदी घालण्याचे आश्वासन दिले आणि घोड्यावरून, कुत्र्यांच्या टोळीसह होणाऱ्या कोल्ह्याच्या पारधीचा वाद पुन्हा पेटला. इंग्लंड-वेल्समध्ये मूळ शिकारीवर तर २००५पासूनच बंदी आहे. मग आता नेमके काय बंद करायचे आहे? ते समजण्यासाठी साडेचारशे वर्षे मागे जावे लागते.

आधी शब्दाविषयी. आपण मराठीत ज्याला कोल्हा म्हणतो तो बहुधा जॅकल असतो. इंग्रजांचा तांबूस, झुपकेदार शेपटीचा 'फॉक्स' हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद. तरी मराठीत 'फॉक्स हंटिंग'ला कोल्ह्याची शिकार म्हणण्याची रीत पडली आहे, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

इंग्लंडच्या उमरावांना आधी कोल्ह्यात रस नव्हता. मानाची शिकार म्हणजे सांबरासारख्या मोठ्या शिंगांच्या हरणाची. कोल्हा हा कोंबड्या आणि कोकरे पळवणारा चोर. १५६६च्या कायद्याने तर त्याच्या मुंडक्याला १२ पेन्स बक्षीस लावले आणि ते गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी द्यायचे असे ठरले. पुढे जंगले तुटली, सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात सरदारांची हरिणवने लुटली गेली आणि हरणे विरळ झाली. घोडे होते, कुत्रे होते, हिवाळाभर रिकामा वेळही होता. त्या रिकाम्या जागी कोल्हा आला. यॉर्कशायरमधील बिल्सडेल हंट आपला आरंभ १६६८मध्ये, बकिंगहॅमच्या ड्यूकपासून सांगते.

आज ज्याला परंपरा म्हणतात तिला आकार दिला तो लेस्टरशायरच्या ह्यूगो मेनेलने. १७५३मध्ये, विशीही गाठली नसताना, त्याने क्वॉर्न हॉलमध्ये कुत्र्यांची टोळी बाळगायला सुरुवात केली आणि जवळपास अर्धे शतक ती सांभाळली. त्याच्या आधीची शिकार पहाटे निघे. रात्री भक्ष्य शोधून परतलेल्या कोल्ह्याचा माग कुत्रे सावकाश काढत बिळापर्यंत जात. पोट भरलेला, जड झालेला कोल्हा फार पळत नसे. मेनेलने वेगवान आणि तरीही तीक्ष्ण नाकाचे कुत्रे पैदा केले आणि शिकारीची वेळ पुढे ढकलून सकाळ उजाडल्यावरची केली. तोवर कोल्ह्याचे अन्न पचलेले असे आणि तो मैलोन्‌मैल पळे. याच परिसरात, डिशलीला, रॉबर्ट बेकवेल निवडक पैदाशीतून मेंढ्यांची नवी जात घडवत होता. मेनेलने तीच दृष्टी कुत्र्यांना लावली. म्हणजे ही 'पुरातन' पारध मुळात अठराव्या शतकातल्या शेतीसुधारणेची सख्खी बहीण आहे. हे लक्षात घेतले की तिच्याभोवतीचे बरेच धुके विरते.

जमिनीनेही साथ दिली. सामायिक शेते मोडून कुंपणबंद कुरणे झाली. गवतावर वास चांगला टिकतो, आणि काटेरी झुडपांची कुंपणे उड्या मारायला आयतीच मिळाली. स्वारांसाठी खरी गंमत त्या उड्यांत होती. मेल्टन मोब्रे हे छोटे गाव क्वॉर्न, बेल्व्हर आणि कॉट्समोर या तीन टोळ्यांच्या हद्दींजवळ असल्याने श्रीमंतांच्या तबेल्यांनी भरून गेले. स्त्रिया मात्र एकाच बाजूला पाय सोडून बसत, त्यामुळे उडी धोक्याची होती. १८३०च्या दशकात त्या खोगिराला मांडी अडकवायला दुसरा आधार आला आणि त्याही कुंपणे ओलांडू लागल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८७६मध्ये खास यासाठी इंग्लंडला आली होती.

पद्धत अशी. टोळीचा प्रमुख 'मास्टर', कुत्रे हाताळणारा 'हंट्समन', त्याचे मदतनीस 'व्हिपर-इन'. कुत्र्यांना 'डॉग' म्हणायचे नाही, 'हाउंड'च म्हणायचे आणि मोजायचे जोडीने: साडेसतरा जोड्या म्हणजे ३५ कुत्रे. शिकारीच्या आदल्या रात्री बिळांची तोंडे बुजवली जात, म्हणजे बाहेर गेलेल्या कोल्ह्याला परतून दडता येऊ नये. सकाळी कुत्रे झुडपी रानात सोडायचे, कोल्हा उघड्यावर आला की 'टॅली-हो'ची आरोळी, मग शिंग आणि दौड. मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्याआधी शरद ऋतूत पिल्लांची शिकार होई, ती तरुण कुत्र्यांना शिकवण्यासाठी. बिळात शिरलेल्या कोल्ह्याला टेरियर, म्हणजे बिळात घुसणारे छोटे कुत्रे, सोडून खणून काढत. पहिल्यांदा शिकारीला आलेल्या मुलाच्या गालावर कोल्ह्याचे रक्त लावण्याची चालही होती. लाल कोटांच्या चित्रांत यातले काही दिसत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

मला या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो तो एक प्रश्न: कोल्हा मारायचा तो उपद्रवी म्हणून की मजेसाठी? १७८६मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटले, की उपद्रवी जनावराचा पाठलाग लोकहिताचा असल्याने त्यासाठी दुसऱ्याच्या शेतात शिरणे क्षम्य आहे. १८०९मध्ये एसेक्सच्या अर्लने आपल्या सावत्र भावावर, रेव्हरंड कॅपेलवर, याच कारणावरून दावा लावला. तेव्हा न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांच्यासमोर हे समर्थन टिकले नाही. ही मंडळी करमणुकीसाठी निघाली होती, कीड मारायला नव्हे, हे उघड होते. व्यवहार तर त्याहून स्पष्ट होता. कोल्ह्यांना आसरा मिळावा म्हणून जमीनदार मुद्दाम झुडपे लावत. कमी पडले तर लंडनच्या लेडनहॉल बाजारातून युरोपातून आणलेले कोल्हे पोत्यात घालून विकत घेत. शेतकऱ्याने स्वतः कोल्ह्याला गोळी घालणे हे त्या समाजात मोठे पाप होते. ज्याच्या मुंडक्याला बक्षीस होते तोच आता जपला जाऊ लागला, पाठलाग करता यावा म्हणून.

साम्राज्याबरोबर हा षौक भारतातही आला. पुणे-खडकीच्या छावणीत आणि मुंबईत गोऱ्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडहून हाउंड आणवले. ते उन्हाने आणि आजाराने भराभर मरत. इथे त्यांच्यापुढे धावला तो आपला कोल्हा, म्हणजे जॅकल. उटीच्या पठारावर एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली टोळी पुढेही टिकली. वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर मात्र जिवंत कोल्ह्यामागे धावणे हा प्रश्नच उरला नाही.

ब्रिटनमध्ये विरोध संघटित झाला तो १९२४मध्ये स्थापन झालेल्या 'लीग अगेन्स्ट क्रुएल स्पोर्ट्स'मुळे. १९४९मध्ये संसदेत आलेले बंदीचे प्रयत्न फसले. १९६०च्या दशकात कार्यकर्ते थेट रानात जाऊन कुत्र्यांचा माग चुकवू लागले. २०००च्या बर्न्स चौकशी समितीने दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला: नोंदणीकृत टोळ्या वर्षाला २१,००० ते २५,००० कोल्हे मारतात, ६,००० ते ८,००० पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम यावर अवलंबून आहे आणि पाठलागाने कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोहोचते. ग्रामीण भाग संतापला होता. सप्टेंबर २००२मध्ये चार लाखांवर लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. त्यांतल्या अनेकांना कोल्ह्यापेक्षा आपले गावपण शहराने ठरवू नये ही चिंता होती, आणि ती खोटी नव्हती. दोन वर्षांनी काही आंदोलक थेट कॉमन्स सभागृहात घुसले. लॉर्ड्स सभागृह अडून बसल्याने अखेर, लॉर्ड्सच्या संमतीशिवाय कायदा करू देणाऱ्या पार्लमेंट ॲक्टचा आधार घेऊन 'हंटिंग ॲक्ट २००४' मंजूर झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ला इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. स्कॉटलंडने २००२मध्येच आपला कायदा केला होता.

टोळ्या मात्र मोडल्या नाहीत. कृत्रिम माग टाकून त्यावर कुत्रे सोडायचे, हे ट्रेल हंटिंग. त्या मागासाठी कोल्ह्याचाच वास वापरला जातो आणि तो कोल्ह्यांच्या रानातूनच जातो. कुत्रा खऱ्या मागाला लागला तर तो अपघात ठरतो. हेतू सिद्ध करणे अवघड, म्हणून खटले कोसळतात. विरोधकांचा आक्षेप नेमका यावर आहे आणि मला तो पटतो: कोल्हा मारायचा नसेल तर त्याचाच वास कशाला?

स्कॉटलंडने २०२३मध्ये ही पळवाट बंद केली. तिथे ट्रेल हंटिंगलाही मनाई आहे आणि दोनपेक्षा जास्त कुत्रे वापरायचे तर परवाना लागतो. पशुधनाचे नुकसान टाळणे यासारखे ठोस कारण दाखवल्याशिवाय तो मिळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र अशी बंदी अजून झालेली नाही.