सस्पेन्शन लिफ्ट (जुन्या फोर बाय फोर पिकअपची)

पाटे (लीफ स्प्रिंग), स्प्रिंगा, टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) किंवा त्यांच्या जोडण्यांत बदल करून गाडीची चासी म्हणजे सांगाडा ॲक्सलपासून वर उचलणे म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट. चासी आहे तिथेच ठेवून केबिन आणि हौदा ठोकळ्यांवर चढवला, तर तो बॉडी लिफ्ट. त्याचा या नोंदीशी संबंध नाही.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे. बोलेरो आणि २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही तिथलीच उत्पादने. जिल्ह्यातली जुनी पिकअप आठवडाभर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचे क्रेट किंवा लासलगावकडे कांदा वाहते. पावसाळ्यात तीच गाडी हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या चिखलवाटांवर आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांवर जाते. लिफ्ट निवडताना ही दोन्ही कामे समोर ठेवावी लागतात. फक्त चिखलवाटा डोळ्यांपुढे ठेवून केलेली निवड मालाखाली फसते.

निवडीची सुरुवात टेपने होते. सपाट जागेवर, नेहमीएवढे डिझेल आणि नेहमीचे सामान ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे. हे माप टायरच्या आकारावर अवलंबून नसते, म्हणून ते विश्वासाचे. पंधरा-वीस वर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यांचा बाक उतरलेला असतो. कधी पाटा पूर्ण सपाट, कधी उलटा वाकलेला दिसतो. अशा गाडीला ५० मिमी लिफ्ट ‘बसवली’ असे मालक म्हणतो, तेव्हा त्यातला बराचसा भाग कंपनीने दिलेली आणि वापरात हरवलेली उंचीच असते. आधी मूळ उंची परत आणावी, बुश (जोडांतली रबरी आवरणे) बदलावेत, गाडी महिनाभर चालवावी आणि मग आणखी किती उचलायचे ते ठरवावे. जुन्या गाडीबाबत एवढे पाळले, तरी निम्म्या चुका टळतात.

बैठ्या पाट्यांवर उपाय अनेक आहेत, पण सगळे सारखे नाहीत. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देणे स्वस्त पडते, मात्र थकलेले पोलाद ओझ्याखाली लवकर बसते. एखादा पाटा वाढवला तर उंची आणि ताकद दोन्ही मिळतात, पण रिकामी गाडी आपटत चालते. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालणे मागच्या ॲक्सलला चालून जाते. पुढच्या ॲक्सलला असा ठोकळा कधीही घालू नये, कारण ब्रेक लागताना आणि चाक वळताना येणारा पीळ त्या जोडावर पडतो. पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी म्हणजे शॅकल. लांब शॅकलमध्ये एक हिशेब दडलेला असतो. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी साधारण एकच इंच उठते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही. शिवाय ॲक्सल फिरतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि हायवेवर स्टेअरिंग भटकू लागते. तो कोन पाट्याखाली पाचर घालून परत आणता येतो. ज्या वजनासाठी गाडी वापरतो त्याच वजनाला बनवलेला नवा पूर्ण पाटा-संच सर्वांत महाग, पण माल वाहणाऱ्या गाडीला तोच योग्य.

पुढे टॉर्शन बार असलेल्या टाटा झेनॉनसारख्या गाड्यांत बोल्ट फिरवला की पुढचा भाग दहा मिनिटांत वर येतो. यामुळेच मोह होतो. बोल्ट आवळल्याने बार अधिक कडक होत नाही, फक्त चाक धरणारा आर्म खाली झुकतो. मग खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही, आर्म थांब्यावर आपटतो आणि मालक म्हणतो, ‘गाडी कडक झाली.’ चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधेही तिरप्या कोनात फिरून लवकर झिजतात. इंचभर, फार तर दीड इंच इथवर थांबावे. इसुझू व्ही-क्रॉससारख्या पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत वेगळ्या स्प्रिंगा घालता येतात, पण आर्म आणि ड्राइव्ह शाफ्टच्या कोनांची मर्यादा तिथेही तीच राहते.

गाडी उचलली की गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर आधी क्रॉस (त्या शाफ्टचा सांधा) आणि हा कोन तपासावा. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकचा होज ताणला जाता कामा नये. शॉकॉपची (शॉक ॲब्सॉर्बरची) लांबी नव्या उंचीला जुळवावी, आणि तो पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉप (ॲक्सलला अडवणारा रबरी थांबा) लागला पाहिजे.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला ब्रेक व्हॉल्व्ह असतो. हौदा ओझ्याने खाली दबला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्टनंतर चासी आणि ॲक्सलमधले अंतर वाढते, त्यामुळे गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. कसारा घाट उतरताना मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. व्हॉल्व्हचा ब्रॅकेट किंवा दांडा लिफ्टच्या मापाने सरकवून कंपनीच्या पद्धतीने पुन्हा सेट करावा लागतो. जो गॅरेजवाला हा विषय स्वतःहून काढतो, त्याच्याकडेच काम द्यावे.

पाट्यांनी चासी उठते, ॲक्सलच्या मध्ये असलेला डिफरन्शियलचा गोळा नाही. तो वर जातो तो केवळ मोठ्या टायरने. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३४ मिमी आणि ३१ इंची टायरचा सुमारे ७८७ मिमी, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम २७ मिमी जास्त जागा मिळते. त्या बदल्यात काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ च्या आसपास धावते, आणि चढावर तेवढाच जोर कमी पडतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. क्रेटांची थप्पी असलेली पिकअप वळणावर कलंडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. एवढा विचार केल्यावर कामाच्या गाडीला ४० ते ५० मिमी पुरते.

कायद्याची बाजूही आधीच पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. मालवाहू पिकअप आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे केलेला बदल तपासणीत समोर येतोच. मूळ उंची परत आणणे ही दुरुस्ती आहे, त्यापलीकडचा बदल नाशिकच्या आरटीओ कार्यालयात विचारूनच करावा.

बसवताना पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या गोल भोकांतले) आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते बसवून ठेवावेत आणि चाके जमिनीवर टेकल्यावर आवळावेत. नाहीतर रबरी बुश पीळ घेऊनच बसतो आणि फाटतो. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.