न्यूरेंबर्गचा खटला वेगळा, फ्रँकफर्टचा वेगळा

‘ऑशविट्झ चालवणाऱ्यांना न्यूरेंबर्गला फाशी झाली’ असं वाक्य बोलण्यात आणि लेखांतही वारंवार येतं. ते चूक आहे. ऑशविट्झ ही नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधली मृत्युछावणी; न्यूरेंबर्ग हे जर्मन शहर, जिथे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालला. गोंधळ थोडा नावामुळेही होतो. न्यूरेंबर्गला आरोपी म्हणून बसलेला रूडॉल्फ हेस हा हिटलरचा पक्षातला उपनेता, १९४१ मध्ये एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला गेलेला. ऑशविट्झचा कमांडंट रूडॉल्फ होस हा दुसराच माणूस. मराठीत दोघांचीही नावं बरेचदा सारखीच लिहिली जातात. होस न्यूरेंबर्गला आला होता खरा, पण साक्षीदार म्हणून, आणि तोही बचाव पक्षाने बोलावलेला. त्याच्यावर खटला भरला तो पोलंडने, वॉर्सात. एप्रिल १९४७ मध्ये त्याला ऑशविट्झच्याच आवारात फाशी दिली गेली.

न्यूरेंबर्गचा मुख्य खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ ला संपला. न्याय करणारे होते जेते देश: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ. आरोपी म्हणजे नाझी राजवटीचा वरचा थर. कायदाही नवा, ऑगस्ट १९४५ मध्ये लंडनला ठरवलेल्या सनदेतला: आक्रमक युद्ध, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, आणि त्यांचा कट. सारं कामकाज चार भाषांत. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. बोलणारा फार वेगात गेला की दुभाषे पिवळा दिवा लावायचे, थांबवायचं असेल तर लाल. निकाल लागला २२ जणांचा. १२ जणांना फाशीची शिक्षा, ७ जणांना कैद, ३ जण निर्दोष. फिर्यादी पक्षाने भिस्त ठेवली ती मुख्यतः नाझींच्याच कागदपत्रांवर. छावणीतून वाचलेले फार थोडे लोक तिथे बोलले.

ऑशविट्झमध्ये काम केलेल्यांवरचा फ्रँकफर्टचा खटला उभा राहिला त्यानंतर १७ वर्षांनी, २० डिसेंबर १९६३ रोजी. इथे परका न्यायाधीश कुणीच नव्हता. जर्मन कोर्ट, जर्मन कायदा, जर्मन आरोपी. तो उभा केला फ्रिट्झ बाउअर यांनी. हे पश्चिम जर्मनीतल्या हेसन राज्याचे मुख्य सरकारी वकील. ज्यू कुटुंबातले, १९३३ मध्ये नाझींनी छावणीत डांबलेले, पुढे डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये परागंदा झालेले. १९५९ च्या जानेवारीत एका पत्रकाराने त्यांना काही कागद पाठवले. ब्रेस्लाऊ शहरातल्या, एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या जळत्या कोर्टातून एका वाचलेल्या कैद्याच्या हाती लागलेले. त्यांत ‘पळताना गोळी घातली’ म्हणून मारलेल्या ऑशविट्झच्या कैद्यांची नावं होती आणि गोळी घालणाऱ्या पहारेकऱ्यांचीही. त्या कागदांवरून चौकशीची चक्रं फिरली.

पिंजऱ्यात कोण होतं, ते पाहिलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. कमांडंटचा सहायक रॉबर्ट मुल्का हॅम्बुर्गचा व्यापारी झाला होता. छावणीच्या औषधखात्यातल्या व्हिक्टर कापेसिउसचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. छावणीतला एसएसवाला ओस्वाल्ड काडुक पश्चिम बर्लिनच्या इस्पितळात रुग्णसेवक होता आणि रुग्ण त्याला प्रेमाने ‘पापा काडुक’ म्हणत. आणि समोर साक्षीला साडेतीनशेहून जास्त माणसं, त्यांतली दोनशेहून जास्त ऑशविट्झमधून वाचलेली. छावणीत दुभाषी असलेल्या एका बाईंनी सांगितलं: ट्रकमधून मुलं आली, त्यांतल्या एका लहानग्याच्या हातात सफरचंद होतं. आणखी एक आरोपी, छावणीतला एसएसवाला विल्हेल्म बोगर, याने त्याला पाय धरून भिंतीवर आपटलं. थोड्या वेळाने बाईंना भाषांतरासाठी आत बोलावलं, तेव्हा बोगर ते सफरचंद खात होता.

अशी साक्ष न्यूरेंबर्गच्या कागदपत्रांच्या ढिगातून मिळणं कठीण. पण फ्रँकफर्टचं दुखणं कायद्यात होतं, आणि तिथेच या दोन खटल्यांतला खरा फरक आहे. पश्चिम जर्मनीत पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षा देता येत नव्हती, त्यामुळे ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ हे कलम लावता आलं नाही. उरलं साधं खुनाचं कलम. या माणसाने, या दिवशी, या कैद्याला मारलं, असं एकेक करून सिद्ध करायचं. हुकुमापलीकडे जाऊन क्रूरपणा करणारा बोगर खुनी ठरला, त्याला जन्मठेप झाली. मुल्का मात्र ठरला नुसता साथीदार, १४ वर्षं. म्हणजे जो जितका शिस्तीत आणि हुकुमाबरहुकूम वागला, तितका तो हलक्यात सुटला. ऑगस्ट १९६५ च्या निकालात १७ जण दोषी ठरले, ६ जणांना जन्मठेप झाली. फाशीचा प्रश्नच नव्हता, ती शिक्षा १९४९ च्या राज्यघटनेने रद्द केली होती.

बाउअर यांचं म्हणणं वेगळं होतं: छावणी हीच माणसं मारण्याची यंत्रणा, मग ती चालवायला ज्याने हात लावला तो प्रत्येक जण खुनात सामील. कोर्टाने ते मानलं नाही. बाउअर १९६८ मध्ये वारले, तेव्हाही त्यांचं म्हणणं कोर्टाने स्वीकारलेलं नव्हतं.

साक्षींच्या ध्वनिफिती मात्र राहिल्या. न्यायाधीशांना आठवणीसाठी म्हणून केलेलं ते शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिवारशात आहे.

आणि २०१५ मध्ये लूनेबर्गच्या कोर्टासमोर ९४ वर्षांचा ऑस्कर ग्रोनिंग आला. ऑशविट्झमध्ये त्याच्याकडे काम होतं ते कैद्यांकडून लुटलेले पैसे मोजण्याचं. बाउअर म्हणत होते तसंच, त्याने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचं सिद्ध करावं लागलं नाही. तीन लाख खुनांत साथ दिल्याबद्दल ४ वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने ती कायम केली. तुरुंगात जाण्याआधीच, २०१८ मध्ये, तो वारला.